वायकाटोकाठून : मानुका, मलमपट्टी आणि सोलापूर



डिसेंबरची भारतवारी जवळ आली की आपल्या सगळ्यांच्या घरी तीच यादी निघते. चॉकलेटं, मुलांसाठी किवी पक्ष्याची चित्रं असलेले टी-शर्ट, सासूबाईंसाठी मेरिनोची शाल, आणि ‘तो तुमच्याकडचा मध’. मानुकाचा. मनुका नव्हे, मानुका! पुण्यात आमच्या एका आत्याबाईंनी बाटलीत चमचा घालून तळापर्यंत मनुके शोधले होते, हे आम्ही स्वतः पाहिलेलं आहे.

मग प्रश्न सुरू होतात. एवढा महाग का? बाटलीवरचा १० किंवा १५ हा आकडा कसला? आणि हल्ली हमखास विचारला जाणारा, ‘म्हणे हा जखमेवर लावतात, पायाला लावू का?’ मंडळाच्या गेल्या दोन कार्यक्रमांत हा शेवटचा प्रश्न आम्हाला निदान चार जणांनी विचारला, आणि चारही वेळा तो घरातल्या कुणा वडीलधाऱ्या माणसाच्या पायाबद्दल होता. तेव्हा या खेपेला सदर त्यावरच. विषय आपल्या गावचाच आहे. नाइटन रोडवरून मुलांना ने-आण करताना आपण ज्या विद्यापीठाच्या तळ्यांवरून रोज जातो, तिथेच हे सगळं घडलं.

मधमाशी मुळात इथली नाही. मिस मेरी बंबी नावाच्या बाईंनी १८३९ साली इंग्लंडहून पोळी आणून ती उत्तरेला होकिआंगा भागात उतरवली. मानुकाचं झुडूप मात्र अस्सल इथलं, आणि माओरी लोक त्याची पानं आणि साल औषधात वापरत आले आहेत. या झुडपाच्या मधाला पूर्वी फारसा मान नव्हता. तो मुरांब्यासारखा घट्ट बसतो, पोळ्यातून सहज निघत नाही, चव उग्र. क्लोव्हरचा फिकट, गोड मध विकला जायचा आणि मानुकाचा मागे राहायचा.

वायकाटो विद्यापीठात पीटर मोलन नावाचे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. मूळचे वेल्सचे, म्हणजे आपल्यासारखेच बाहेरून आलेले. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मधमाश्या पाळणाऱ्या एका शिक्षक मित्रानं त्यांच्या डोक्यात हा भुंगा सोडला, की मानुकाच्या मधात जंतू मारण्याचा गुण आहे असं लोक म्हणतात, तर ते खरं का ते एकदा तपासा की. लोक म्हणतात एवढ्यावर न थांबता तपासायचं, हा या गोष्टीतला पहिला महत्त्वाचा मुद्दा. आपल्याकडे ‘आजी म्हणायची’ इथेच बहुतेक वेळा गाडी थांबते.

तपासण्याची रीत स्वयंपाकघरात समजावी इतकी सोपी आहे. चायना ग्रास आपण खिरीत, जेलीत घालतो. त्यालाच प्रयोगशाळेत आगर म्हणतात. त्याची पातळ वडी एका काचेच्या ताटलीत थापायची, त्यात जखमेत पू करणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू मिसळायचे, आणि वडीला छोटी छोटी भोकं पाडून त्यांत मध भरायचा. रात्रभर उबेत ठेवलं की सगळीकडे जंतू वाढून वडी गढूळ होते. मधाच्या भोकाभोवती मात्र एक स्वच्छ गोल राहतो. गोल जितका मोठा तितका मध जालीम. तुलनेला शेजारच्या भोकांत फेनॉल, म्हणजे कार्बोलिक. जुन्या लाल लाइफबॉयचा वास आठवतोय ना? तेच. १० टक्के फेनॉलच्या पाण्याइतका गोल मधानं पाडला तर त्या मधाला १० गुण. बाटलीवरचा यूएमएफचा आकडा म्हणजे मुळात हे कार्बोलिकचं माप. गोडीशी किंवा शुद्धतेशी त्याचा संबंध नाही.

१९९१ साली केरी अॅलन, मोलन आणि रीड या तिघांनी न्यूझीलंडभरातून मधपाळांकडून गोळा केलेल्या ३४५ नमुन्यांची अशी तपासणी छापली. २६ प्रकारच्या फुलांचे मध होते. निकाल मोठा गमतीचा आला. काही मध अतिशय प्रखर, आणि ३६ टक्के नमुन्यांत जंतू मारण्याचा गुण जवळजवळ नाहीच! ‘मध औषधी असतो’ हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण कुठला मध, हे त्यात कधीच नव्हतं. एकाच कपाटातल्या दोन बाटल्यांत एवढा फरक असू शकतो.

आता मध जंतू मारतो तरी कसा? त्याची पहिली दोन कारणं आपल्या घरातलीच आहेत. मोरावळा, साखरआंबा वर्ष वर्ष का टिकतो? साखर इतकी दाट असते की जंतूच्या अंगातलंच पाणी ओढून घेते. मधात सुमारे ८० टक्के साखर आणि १७-१८ टक्के पाणी, म्हणजे निसर्गाचा मोरावळाच. शिवाय तो चवीला गोड लागला तरी चांगला आंबट असतो, तेही जंतूंना मानवत नाही. पण जखमेतून पाणी सुटतं, मध पातळ होतो, आणि साखरेचा जोर ओसरतो. तिथे तिसरं कारण पुढे येतं. मधमाशी मधात एक पाचकद्रव्य मिसळते. मध पातळ झाला की ते जागं होतं आणि थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत राहतं. १९६३ साली अमेरिकेतल्या व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उलगडलं. मध तापवला किंवा उन्हात ठेवला की हे पाचकद्रव्य मरतं. उकळत्या दुधात मध घालणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. गोडी राहते, बाकीचं गेलं.

आणि इथेच मोलन यांना मानुकाचं वेगळेपण सापडलं. लहानपणी गुडघा फुटला की डॉक्टर त्यावर पेरॉक्साइड ओतायचे आणि पांढरा फेस यायचा, आठवतं? तो फेस म्हणजे आपल्या रक्तातल्या, मांसातल्या कॅटॅलेज नावाच्या द्रव्यानं पेरॉक्साइडचं केलेलं पाणी आणि प्राणवायू. म्हणजे शरीर स्वतःच ते औषध मोडून टाकतं. मोलन यांच्या प्रयोगशाळेत प्रत्येक मधात मुद्दाम कॅटॅलेज घालून पुन्हा तपासणी झाली. बाकीच्या बहुतेक मधांचा गोल नाहीसा झाला. मानुकाच्या कित्येक नमुन्यांचा तसाच राहिला. म्हणजे त्यात आणखी काहीतरी आहे. काय आहे ते कळेना, म्हणून त्याला ‘मानुकाचा खास गुण’ अशा अर्थाचं नाव देऊन ठेवलं. यूएमएफ ही अक्षरं तिथून आली. न सापडलेल्या वस्तूचं नाव व्यापारी चिन्ह होऊन जगभर खपलं, याची आम्हाला नेहमी मौज वाटते.

ती वस्तू सापडायला २००८ साल उजाडलं. जर्मनीत ड्रेस्डेनला प्राध्यापक हेन्ले यांच्या गटानं आणि इथे वायकाटोत मेरिलिन मॅन्ली-हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जवळपास एकाच वेळी. मिथाइलग्लायॉक्झॉल. बाटलीवर एमजीओ लिहितात ते हेच. पुढच्याच वर्षी वायकाटोच्या लोकांनी हेही दाखवलं, की मानुकाच्या फुलातल्या मकरंदात डायहायड्रॉक्सीअॅसिटोन नावाचा पदार्थ असतो आणि मध मुरत जाईल तसतसं त्याचं हे द्रव्य बनतं. ताज्या मानुका मधात ते कमी, मुरलेल्यात जास्त. आपल्या लोणच्यासारखंच म्हणा.

इथपर्यंतची गोष्ट काचेच्या ताटलीतली. ताटलीतला जंतू मेला म्हणून माणसाची जखम बरी झाली असं होत नाही. जखमेत रक्त असतं, पू असतो, मेलेलं कातडं असतं, आणि मुख्य म्हणजे दुखणारा माणूस असतो. त्या माणसांवर मध लावून, मोजून, लिहून ठेवणारे लोक पाहिजेत. ते कुठे भेटले? मंडळी, सोलापूरला!

१९९१ सालीच, म्हणजे हॅमिल्टनचे ३४५ नमुने छापले त्याच वर्षी, लंडनच्या ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यविशारद डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांचा एक छोटा लेख आला. वरवर भाजलेले १०४ रुग्ण. निम्म्यांच्या जखमांवर मध, निम्म्यांच्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिनची पट्टी. भाजल्यावर लावायचं ते पांढरं मलम, जगभर तेच वापरायचे. मध कुठला? पोळ्यातून काढलेला, काही प्रक्रिया न केलेला, पाणी न घातलेला साधा मध. मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा सात दिवसांत जंतुरहित झाल्या, मलमाच्या गटातल्या ७ टक्के. पंधरा दिवसांत मधाच्या गटात ८७ टक्के बऱ्या झाल्या, दुसऱ्या गटात १० टक्के.

हे आकडे वाचताना आमच्या डोळ्यांसमोर आपल्याकडचे सिव्हिल हॉस्पिटलचे भाजलेल्यांचे वॉर्ड आले. तुमच्याही येतील. आपल्यापैकी पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला रॉकेलचा स्टो आणि त्याचा भडका ठाऊक आहे. पदर, पंप, पिन मारताना उडालेली ज्वाळा. त्या काळी महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात भाजलेली माणसं, त्यांतही बायका आणि मुलं, सतत येत. अशा ठिकाणी स्वस्त, न चिकटणारी आणि जंतू आटोक्यात ठेवणारी पट्टी कोणती, हा प्रश्न कुणाच्या पदोन्नतीसाठी पडलेला नसतो. पट्टी काढताना ती जखमेला चिकटलेली असली तर नवी आलेली कातडीही तिच्याबरोबर निघते, आणि रुग्ण कसा ओरडतो ते ज्यानं ऐकलं तो विसरत नाही. मध ओलसर राहतो, म्हणून पट्टी सुटी निघते. आमच्या मते मधाचा हा गुण जंतू मारण्याइतकाच मोठा आहे.

डॉ. सुब्रह्मण्यम तिथे थांबले नाहीत. १९९३ साली मधात भिजवलेल्या गॉझची तुलना त्यांनी त्या वेळच्या आधुनिक पॉलियुरेथेनच्या पारदर्शक पापुद्र्याशी केली. ९२ रुग्ण. मधवाल्या जखमा सरासरी १०.८ दिवसांत, पापुद्र्यावाल्या १५.३ दिवसांत भरल्या. १९९४ साली तुलना गर्भावरणाच्या पट्टीशी, १९९६ साली उकडलेल्या बटाट्याच्या सालींशी.

बटाट्याची साल वाचून हसू नका. ती मुंबईची देणगी आहे. परळच्या वाडिया मुलांच्या रुग्णालयातले डॉ. केसवानी आणि त्यांचे सहकारी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉझवर चिकटवून, निर्जंतुक करून, भाजलेल्या मुलांच्या जखमांवर घातल्या आणि १९८५ साली त्याचा अहवाल छापला. साल जंतू मारत नाही, पण जखम झाकते, ओलसर ठेवते आणि चिकटत नाही. पुढे २००३ साली सायन रुग्णालयाच्या डॉ. माधुरी गोरे आणि डॉ. अकोलेकर यांनी केळीचं पान घेतलं. तेही वाफेनं निर्जंतुक करून, आणि त्याच बटाट्याच्या सालीशी तुलना करून. पान तितकंच चांगलं ठरलं, करायला सोपं आणि कितीतरी स्वस्त. ज्या पानावर आपण जेवतो त्याचा गुळगुळीतपणा तिथे कामी आला. परदेशी पट्टी परवडत नाही म्हणून रडत न बसता मंडईतून सामान आणून, शास्त्राच्या शिस्तीनं काम केलं, याचा आम्हाला अभिमान वाटतो. तो वाटण्यासारखा आहे. सुश्रुतानं मध आणि तूप जखमेवर लावायला सांगितलं होतं म्हणून छाती फुगवणाऱ्या आपल्या काही मित्रांना आमची विनंती आहे, की सुश्रुताइतकंच सोलापूर आणि सायनचंही नाव घ्या. हे लोक आपल्या हयातीतले आहेत.

आणि डॉ. सुब्रह्मण्यम यांचं सगळ्यांत मोठं काम आमच्या दृष्टीनं १९९९चं आहे. इतकी वर्षं मधावर घालवलेल्या या माणसानं मध्यम भाजलेल्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाची जळलेली कातडी लवकर छाटून त्यावर नवी कातडी लावली, दुसऱ्याला मधाच्या पट्ट्या. आणि शस्त्रक्रिया मधापेक्षा सरस, असं लेखाच्या मथळ्यातच छापून टाकलं. आपल्याच औषधाविरुद्ध साक्ष द्यायला हिंमत लागते.

मोलन यांना सोलापूर चांगलं माहीत होतं. २००६ साली त्यांनी मधाच्या पट्ट्यांवरचा सगळा पुरावा एकत्र मांडला. १७ चाचण्या, १९६५ रुग्ण. त्यांतल्या कित्येक चाचण्या सोलापूरच्या. म्हणजे हॅमिल्टनच्या प्राध्यापकाची बाजू जगासमोर मांडायला आपल्या सोलापूरची भाजलेली माणसं उभी होती. इथल्या दुकानात त्या बाटलीवर निसर्गरम्य डोंगर छापलेले असतात, पण त्या डोंगरांच्या पलीकडे एक सरकारी वॉर्ड आहे हे कुठे लिहिलेलं नसतं.

दरम्यान इथे एक वेगळंच काम चाललं होतं. मध गरम अंगावर पातळ होऊन वाहतो. पट्टी घसरते, चादर खराब होते, परिचारिका वैतागते. म्हणून मधाला धरून ठेवणारं काहीतरी हवं. ते समुद्री शेवाळापासून मिळालं. कॅल्शियम अल्जिनेट, त्याचे धागे विणून कापसासारखी पट्टी करतात. तिच्यात मध मुरवला की जखमेचं पाणी ती शोषते, आणि शोषताना तिचा मऊ जेल होतो. मध जागेवर राहतो. दुसरी अडचण निर्जंतुक करण्याची. मधात क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जंतूंचे सुप्त बीजाणू असू शकतात. ते मधात वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. उकळावं तर गुण जातो. मोलन आणि अॅलन यांनी १९९६ साली दाखवलं की गॅमा किरणांनी मध निर्जंतुक करता येतो आणि जंतू मारण्याची ताकद कमी होत नाही. मग बे ऑफ प्लेंटीतली कॉमव्हिटा आणि अमेरिकेतली डर्मा सायन्सेस अशा कंपन्या पुढे आल्या, आणि २००७ साली मेडिहनी नावाच्या पट्ट्यांना अमेरिकेच्या औषध खात्यानं परवानगी दिली. वायकाटोच्या ताटलीतून निघालेला मध असा पाकीटबंद होऊन जगभरच्या दवाखान्यांत गेला.

प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू वाढत चालले तशी या पट्ट्यांची किंमत लोकांना जास्त कळली. कार्डिफच्या रोझ कूपर यांनी मोलन यांच्याबरोबर रुग्णांच्या चिघळलेल्या जखमांतून काढलेल्या स्टॅफिलोकॉकसच्या ५८ वाणांवर मध तपासला होता, १९९९ साली. मध बराच पातळ केला तरी वाढ थांबली, आणि एका वाणात आणि दुसऱ्यात फारसा फरक नव्हता. प्रतिजैविक एका जागी घाव घालतं, मध एकदम चारी बाजूंनी, त्यामुळे जंतूला पळवाट काढणं अवघड जातं.

मग एवढं असताना प्रत्येक जखमेवर मध का लावत नाहीत? कारण मोजल्यावर सगळीकडे तेच उत्तर आलं नाही. २००८ साली न्यूझीलंडमध्येच एक मोठी चाचणी छापली गेली. ऑकलंडच्या अँड्र्यू जल यांची. शिरांच्या दोषामुळे पायाला न भरणाऱ्या जखमा झालेले ३६८ रुग्ण. मानुकाच्या अल्जिनेट पट्ट्या एका गटाला, नेहमीच्या पट्ट्या दुसऱ्याला, दोघांनाही घट्ट बॅंडेज. बारा आठवड्यांनी मधाच्या गटातल्या ५५.६ टक्के आणि दुसऱ्यातल्या ४९.७ टक्के जखमा भरल्या होत्या. हा फरक योगायोगानंही पडू शकतो, असा हिशेब निघाला. वर मधवाल्यांना दुखण्याची तक्रार जास्त. आपल्याच देशाचा मध, आपल्याच देशातली चाचणी, आणि उत्तर असं! तरी छापलं.

२०१५ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यानं सगळं एकत्र चाळून घेतलं. त्यांचं मत असं, की कातडीच्या काही थरांपर्यंतच भाजलेल्या जखमा मधानं नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार ते पाच दिवस लवकर भरतात, आणि हा पुरावा भक्कम आहे. तो पुरावा ९९२ रुग्णांचा, आणि ते सोलापूरचे. शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमांतही फायदा दिसतो. शिरांच्या जखमांत नाही. आणि मधुमेहाच्या पायाच्या जखमांबद्दल? सांगता येत नाही, पुरावा अपुरा.

टीकाकारही आहेत, आणि त्यांचं म्हणणं ऐकायला हवं. एकाच डॉक्टरांनी, एकाच गावी, इतक्या चाचण्या केल्या. मध आणि पांढरं मलम दिसायलाच वेगळं, त्यामुळे कुणाला काय लावलंय ते सगळ्यांना माहीत. शिवाय ते पांढरं मलम जखम भरायला उलट उशीर लावतं असं पुढे दिसून आलं, म्हणजे शर्यतीतला दुसरा घोडाच लंगडा होता. आमचं मत विचाराल तर, यामुळे सोलापूरचं काम लहान होत नाही. दुसऱ्या कुणी तितक्या चिकाटीनं ते पुन्हा करून पाहिलं नाही, ही खंत मात्र आहे.

आणि एक गोष्ट बाटलीवर कुणी छापणार नाही. सोलापूरला वापरलेला मध मानुकाचा नव्हता! पोळ्यातला साधा देशी मध होता. मानुका प्रयोगशाळेत वरचढ आहे हे नक्की, पण माणसांच्या जखमांवर तो इतर चांगल्या मधापेक्षा सरस ठरतो, हे कुणी पक्कं दाखवलेलं नाही. महाबळेश्वरच्या जांभळीच्या मधाला आपल्या गावच्या मानुकासमोर मान खाली घालायचं कारण नाही. मांघर गाव २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं, तिकडे जाणं झालं तर जरूर थांबा. फक्त बाटली इकडे आणू नका. भारतातून मध आणायला इथे बंदी आहे, आणि ऑकलंडच्या विमानतळावरच्या त्या कुत्र्यांना लाडू आणि मध यांतला फरक कळतो. जाहीर न केलं तर दंड.

आता ज्यांनी प्रश्न विचारले त्यांच्यासाठी, अगदी थोडक्यात.

खाण्याच्या बाटलीतला मध जखमेवर लावू नका, त्यावर कितीही मोठा आकडा असो. तो निर्जंतुक केलेला नसतो. जखमेचा मध वेगळा, पाकीटबंद, आणि तो लावायचा की नाही ते जखम पाहणारी परिचारिका ठरवते. सरकारनं २०१८पासून निर्यातीच्या मानुका मधाला चार रासायनिक खुणा आणि एक डीएनएची खूण सक्तीची केली आहे, पण त्यानं तो मानुकाच आहे एवढंच कळतं, औषध होत नाही.

बाबांच्या, काकांच्या पायाला मधुमेहामुळे जखम असेल तर घरी काहीही लावून चार दिवस वाट पाहू नका. त्यांना तिथे दुखत नाही म्हणूनच ती धोक्याची. भेटीला आलेल्या वडीलधाऱ्यांचा विमा काय देतो काय नाही, या विचारात आपल्या घरांत दिवस जातात हे आम्हाला माहीत आहे. जखम तेवढं थांबत नाही. जीपीकडे जा, किंवा निदान ०८०० ६११ ११६ या हेल्थलाइनला फोन करा. तो फुकट आहे आणि दुभाषा मागता येतो.

कुणी भाजलं तर आधी नळ. साधं गार वाहतं पाणी, पूर्ण वीस मिनिटं, घड्याळ लावून. वीस मिनिटं फार वाटतात, तरीही. भाजल्यावर तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद, तूप, शाई काहीही नको, आणि मधही नको. अंगठ्या, बांगड्या लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. मग स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म सैलसर घालून डॉक्टरकडे. मोठं भाजलं तर १११. वायकाटो हॉस्पिटलात भाजलेल्यांसाठी प्रादेशिक विभाग आहे, तो आपल्यापासून दहा-पंधरा मिनिटांवर. दिवाळीच्या चकल्या तळताना मुलं कढईच्या दांड्यापासून लांब हवीत, हे सांगायला नको, तरी सांगतो.

आणि बारशाला आलेल्या आजींना थोडं समजावून सांगा. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, सोन्याच्या अंगठीनं नाही आणि बोटानंही नाही. वर सांगितलेले सुप्त बीजाणू मोठ्यांच्या पोटात काही करत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र जागे होऊ शकतात. अंगठी नुसती ओठांना लावा, फोटोत तेवढंच दिसतं.

प्राध्यापक मोलन २०१५ साली वारले. विद्यापीठात शोधलंत तर त्यांच्या ताटल्या दिसणार नाहीत, पण नोव्हेंबरच्या सुमारास रॅग्लनच्या रस्त्यानं समुद्राकडे निघालात तर डोंगरउतारांवर पांढऱ्या बारीक फुलांची झुडपं दिसतील. गाडी सुरक्षित जागी थांबवून मुलांना दाखवा. फुलाला मधोमध हिरवट-लालसर टिकली असते आणि पान चुरडलं की उग्र वास येतो.

पुढच्या अंकासाठी प्रश्न असतील तर नेहमीच्या डब्यात चिठ्ठी टाका, किंवा कार्यक्रमात चहाच्या रांगेत गाठा. अक्षर मात्र वाचता येईल असं असू द्या.